हिरवळीची हजामत

हरळीसारखे दुतोंडी गवत दुसरे नसेल. गणपतीपुढे ती दूर्वा होऊन येते आणि एकवीसांच्या जुडीचा मान घेते. त्याच घरचा शेतकरी दुसऱ्या दिवशी रानात जाऊन तिच्या काशा खणून काढतो, बांधावर वाळत घालतो आणि वाळल्या की पेटवून देतो. आमच्या राहुरीकडच्या काळ्या जमिनीत हरळी एकदा शिरली की हात-दीड हात खाली उतरते. रान हरळीने धरले, असे ज्याच्याविषयी गावात बोलले जाई, त्याला सोयरीक जमवतानासुद्धा मान खाली घालावी लागे.

अलीकडे या गवताने तिसरे सोंग घेतले आहे. नगर-मनमाड रस्त्याने एस. टी.तून जाताना खिडकीबाहेर पाहावे. पूर्वी ‘मंगल कार्यालय’ एवढीच पाटी असे. आता तिच्यापुढे ‘लॉन्स’ हा शब्द आला आहे. ऊस मोडून, जमीन सपाट करून, पाण्याच्या नळ्या टाकून तेथे तीच हरळी, थोडी निवडक आणि नाजूक जातीची, विकत आणून लावतात. बापाने जे गवत खणून काढण्यात उमेद घालवली, ते मुलगा पैसे मोजून लावतो. आणि त्याच्यावर लोकांची लग्ने लागतात. काळाचा महिमा!

परंतु हिरवळ लावणे हे एका हंगामाचे काम आहे आणि ती कापणे हे जन्माचे. म्हणून ज्याच्यापाशी हिरवळ आहे, त्याच्यापुढे दर काही वर्षांनी एक प्रश्न उभा राहतोच: कापणारा जुना झाला, थकला किंवा मोडला, आता त्याच्या जागी कोण? हा प्रश्न लॉन्सवाल्यांचा खासगी प्रश्न आहे असे कोणी समजू नये. त्याला दोनशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्यात मेंढ्या, घोडे, बैल, कापडगिरणी आणि लॉर्ड कर्झन एवढी मंडळी येऊन गेली आहेत.

आपल्या जुन्या बागांत हिरवळ नव्हतीच म्हटले तरी चालेल. सोळाव्या शतकात निजामशाहीने अहमदनगरजवळ (आज ज्याला आपण अहिल्यानगर म्हणतो) फराहबाग उठवली. मध्ये महाल, भोवती पाणी आणि पाण्याभोवती झाडे. ते पाणीसुद्धा खापरी नळांनी लांबून आणायचे. ज्या मुलखात वर्षाला वीसेक इंच पाऊस, तेथे माणूस पाणी खर्चून सावली मागणार, फळ मागणार, फूल मागणार; नुसते पायाखाली तुडवायला गवत कशाला मागेल? उघड्या माळावर गवत होते, पण ते गुरांचे. त्याचा मालक कोणीही असो, त्याच्यावर नजर गाईची असे.

इंग्लंडात मात्र आभाळच वर्षभर झारी धरून बसलेले. तेथे गवत लावावे लागत नाही, आवरावे लागते. मोठमोठ्या जमीनदारांनी आपल्या वाड्यापुढे मैलभर हिरवे मैदान ठेवायची चाल पाडली, तीत डौल होता तो असा, की पाहा, एवढी जमीन आहे आणि आम्ही तीत काहीही पिकवत नाही! ते गवत आखूड ठेवायला दोनच साधने होती. एक मेंढी, दुसरे लांब दांड्याचा मोठा विळा घेऊन उभ्याने झपाझप हात मारणारा माणूस. हा मोठा विळा दव पडलेल्या ओल्या गवतावर नीट चालतो, म्हणून ही माणसे तांबडे फुटायच्या आधी कामाला लागत आणि मालक न्याहारीला येईपर्यंत गवत झाडून मोकळी होत. आपल्याकडे ते हत्यार काही रुळले नाही. आपला विळा बसून चालवायचा; डाव्या हाताने मूठ धरायची, उजव्याने कापायची. याचे कारण आपली माणसे मागासलेली होती असे नव्हे. इंग्रजाला गवत नको होते, म्हणून त्याने ते उडवले. आपल्याला गवत हवे होते, म्हणून आपण ते मुठीत धरले. पुढे यंत्रे निवडताना हा फरक विसरला गेला, आणि सगळा घोटाळा तेथेच आहे.

यंत्र आले ते १८३० साली, आणि आले मोठ्या आडवाटेने. इंग्लंडात ग्लॉस्टरशायर परगण्यात स्ट्राउड नावाचे गाव आहे. तेथे लोकरीच्या कापडाच्या गिरण्या होत्या. लोकरीचे कापड विणून झाले की त्याच्यावर लव उभी करतात आणि ती वरून सारखी कातरतात. आधी हे काम मोठ्या कात्र्या घेऊन माणसे करीत. पुढे एका रुळावर पिळदार पाती बसवून ती खालच्या सरळ पात्याला घासत फिरतील असे यंत्र निघाले. गिरण्यांची यंत्रे दुरुस्त करणारा एडविन बडिंग नावाचा एक कारागीर हे रोज पाहत होता. कापडावरची लव आणि जमिनीवरचे गवत यांत फरक तो काय, असे त्याच्या मनात आले, आणि तोच रूळ त्याने चाकांवर बसवला. ३१ ऑगस्ट १८३० रोजी त्याला पेटंट मिळाले. यंत्राची रुंदी होती १९ इंच. शेजारी हसू नयेत म्हणून तो रात्री अंधारात ते चालवून पाही, असे सांगतात. त्याच्या पेटंटात त्याने असेही सुचवले होते की सभ्य गृहस्थांनी हे यंत्र स्वतः ढकलले तर करमणूक होईल आणि व्यायामही होईल. ज्याला माल खपवायचा आहे त्याची जीभ दोनशे वर्षांपूर्वीही आजच्यासारखीच चालत होती! लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने सुरुवातीच्याच यंत्रांतले एक घेतले, आणि तेथल्या मुख्य माळ्याने ते सहा ते आठ माणसांचे काम करते अशी ग्वाही दिली.

या ग्वाहीपाशी वाचकांनी क्षणभर थांबावे. सहा ते आठ माणसांचे काम. ती माणसे पुढे कोठे गेली, हे त्या माळ्याला कोणी विचारले नाही. आणि मेंढीची गंमत तर त्याहून वेगळी. तिच्याच लोकरीच्या कापडासाठी यंत्र निघाले आणि त्या यंत्राच्या पोरानेच हिरवळीवरून मेंढीला हाकलले. अर्थात ती लगेच गेली नाही. लॉर्ड्सच्या सुप्रसिद्ध क्रिकेट मैदानावर पुढेही कितीतरी वर्षे सामन्याआधी मेंढ्या सोडून गवत आखूड करीत. तेथे कायमचा मैदानरक्षक नेमला गेला तो १८६४ साली. नवे यंत्र पाहून चिडलेल्या तेथल्या एका बड्या सभासदाने मजूर बोलावून ते फोडायला लावले, अशीही गोष्ट सांगतात. आमच्या मुलखात धनगर अजूनही मेंढ्या घेऊन फिरतात आणि शेतकरी धान्य वा पैसे देऊन त्या आपल्या रानात बसवून घेतो. तो मेंढीकडून गवत कापून घेत नाही, खत घेतो. एकच जनावर, पण तेथे त्याचे तोंड कामाचे आणि येथे त्याची लेंडी!

बडिंगचे यंत्र जड होते. पुढून ओढायला आणि मागून ढकलायला मिळून दोन माणसे लागत. म्हणून १८४० नंतर स्कॉटलंडातल्या शँक्सने तट्टू जुंपायचे रुंद यंत्र काढले. तट्टाच्या खुरांनी हिरवळीवर खड्डे पडू लागले, तेव्हा त्याच्या पायांत चामड्याचे बूट घातले. माणसे अनवाणी असलेल्या जगात घोड्याला बूट! १८५९ साली टॉमस ग्रीनने साखळीवर चालणारे, कमी खडखडणारे यंत्र काढले. १८९३ साली लँकेशायरमधल्या जेम्स समनरने वाफेवरचे काढले, ते इतके अवजड की हिरवळच दबावी. आणि १९०२ साली रॅन्सम्स कंपनीने पेट्रोलचे यंत्र बाजारात आणले. ही सगळी यंत्रे कात्रीच्या जातीची. पात्यावर पाते घासून गवत कातरले जाते, म्हणून कापणी सुरेख. पण जमीन टेबलासारखी हवी आणि एक खडा मध्ये आला की धार गेलीच. विळ्याच्या जातीचे, म्हणजे एक आडवे पाते गरागरा फिरवून गवत झोडणारे यंत्र पुढे विसाव्या शतकात रुळले. त्याची कापणी तितकी देखणी नसते, परंतु त्याला खाचखळगे चालतात.

हिंदुस्थानात ही चाल साहेबाबरोबर आली. १८९९ ते १९०५ या काळात व्हॉइसरॉय असलेल्या लॉर्ड कर्झनने ताजमहालाची मोठ्या आस्थेने डागडुजी केली, हे त्याचे उपकार मानावेत. पण त्याच झपाट्यात बागेतली दाट झाडी विरळ झाली आणि तिच्या जागी विलायती पद्धतीची हिरवळ पसरली. शहाजहानच्या बागेत फळझाडे होती, कर्झनच्या बागेत गवत आले. मग ते कापणार कोण? येथे मात्र आपल्या लोकांनी आपला तोडगा काढला. घोड्याच्या जागी बैल जुंपला. विलायती कापणीयंत्र, पुढे हिंदी बैल आणि मागे ताजमहाल, अशी छायाचित्रे प्रवाशांनी पुढे कितीतरी वर्षे काढली आहेत. पाहणाऱ्याला त्यात मौज वाटते. मला त्यात शहाणपणही दिसते. बैलाला पेट्रोल लागत नाही, आणि तो जे ओढतो त्यातले थोडे खातोही.

आता शेवटच्या टप्प्याकडे वळू; आणि ‘वळू’ हाच येथला शब्द आहे. ज्याने औत धरले आहे त्याला ठाऊक असते की नांगरटीतला वेळ तासात जात नाही, वळणात जातो. अमेरिकेत घराभोवतीची हिरवळ एकराएकराची झाली, तेव्हा लोक छोट्या ट्रॅक्टरवर बसून गवत कापू लागले. पण ट्रॅक्टर झाडाभोवती वळला की मागे न कापलेली चंद्रकोर राही. १९४९ साली मिसुरी राज्यातल्या मॅक्स स्विशरने जागच्या जागी वळणारे यंत्र केले, आणि १९६० नंतर कॅन्सस राज्यातल्या हेस्टन गावी त्याचे आजचे दोन दांड्यांचे रूप घडले. याला ‘झिरो टर्न’ म्हणतात. वाचकांपैकी ज्यांनी बैलगाडी हाकली आहे त्यांना हे समजायला अभियंता व्हावे लागत नाही. डावा बैल थोपवला आणि उजवा चालवला की गाडी डावीकडे वळते. या यंत्राची मागची दोन चाके म्हणजे दोन बैल. प्रत्येक चाकाला आपला स्वतंत्र तेलाचा पंप आणि आपला दांडा. दोन्ही दांडे सारखे पुढे केले की यंत्र सरळ जाते. एक पुढे, एक मागे केला की ते भोवऱ्यासारखे फिरते. पुढची चाके कचेरीतल्या फिरत्या खुर्चीच्या चाकांसारखी, नेईल तिकडे जाणारी.

असले एक यंत्र आमच्या तालुक्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे होते. रस्त्यालगत त्याची तीन एकर हिरवळ आहे. पुण्याकडच्या एका बंगल्यावर वापरलेली गाडी त्याने उचलून आणली होती. गेल्या श्रावणात ती बिघडली. “गुरुजी,” तो म्हणाला, “गाडी नुसती गोल फिरते. सरळ चालायचं नावच घेईना.” एका बाजूचा पंप गेला होता, गाडीचा घाण्याचा बैल झाला होता. दुरुस्तीचा आकडा ऐकून त्याने नवी गाडी घ्यायचे ठरवले आणि चकचकीत चित्रांची चार पत्रके माझ्यापुढे ठेवली. मी इतिहासाचा मास्तर, मला का विचारतोस, म्हटले, तर म्हणाला, “विकणारे सगळे आपापलंच सांगतात.”

आम्ही हिशेब मांडला. चार फूट रुंदीची झिरो टर्न ताशी आठ किलोमीटरने चालली, आणि पट्ट्यावर पट्टा घेण्यात व वळणात पाचवा हिस्सा गेला, तर तासाला सुमारे पंचाहत्तर गुंठे कापते. मागून चालत न्यायचे २१ इंची यंत्र तासाला सोळा-सतरा गुंठे. म्हणजे १२० गुंठ्यांना एकीकडे दीड-पावणेदोन तास, दुसरीकडे सात तासांच्या वर. एवढ्यावर पत्रकवाला जिंकला. पण हिशेब येथे संपत नाही. खरे म्हणजे येथे सुरू होतो.

लग्नाचा हंगाम तुळशीच्या लग्नापासून पुढे उन्हाळ्यापर्यंत. गवत जोमाने वाढते ते आषाढ ते अश्विन, म्हणजे चातुर्मासात, जेव्हा मुहूर्तच नाहीत! गवताला जेव्हा कापणारा हवा, तेव्हा हिरवळ रिकामी. आणि हिरवळीवर जेव्हा माणसे, तेव्हा गवत पाण्याच्या उसन्या बळावर कसेबसे उभे. इंग्लंड-अमेरिकेत हे असे नाही. त्यातून आमची काळी जमीन. पावसात ती लोण्यासारखी होते. तीनचारशे किलोची गाडी तिच्यावर जागच्या जागी फिरली की चाकाखालचे गवत मुळासकट पिळून निघते. आणखी एक गोष्ट. त्याच्या हिरवळीचा मागचा भाग शेततळ्याकडे उतरत जातो. या गाडीची पुढची चाके मोकळी असल्याने उतारावर मागची चाके घसरली की ती कोणाचे ऐकत नाही. म्हणूनच बनवणारे स्वतःच पंधरा अंशांहून अधिक उतारावर आणि पाण्याच्या काठाला तिला नेऊ नका, असे बजावतात. हे वाक्य पत्रकाच्या मागच्या पानावर बारीक अक्षरांत होते. तो गप्प झाला. शेततळ्याकडची बाजू कापणाऱ्या त्याच्या गड्याला दोन लहान मुले आहेत.

येथे मला लक्ष्मणराव किर्लोस्करांची आठवण झाली. बेळगावात त्यांनी आधी कडबा कापायचे यंत्र केले आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. हा नांगर काळ्या जमिनीतल्या हरळीचा मोठा वैरी. लाकडी नांगर जेथे पोचत नसे तेथे तो पोचे. तरी सुरुवातीला तो खपेना. लोखंडाने जमीन विषारी होईल, असे शेतकरी म्हणत, असे सांगतात. आपण हसतो. पण त्या शेतकऱ्याच्या जागी बसून पाहा: नवे औजार बैलांना झेपेल काय, फाळ झिजला तर दुसरा कोठे मिळेल, मोडला तर गावचा लोहार जोडील काय, आणि हे सगळे चुकले तर यंदाची पेरणी कोण भरून देईल? विषाची गोष्ट खोटी असेल, बाकीचे प्रश्न खरे होते. कडबा कापायच्या यंत्राची गोष्टही ध्यानात घेण्यासारखी आहे. ते गवत फेकून देण्याचे यंत्र नव्हते. जनावर कडब्याची जाड धाटे टाकून देते, ती वाया जाऊ नयेत म्हणून ते होते. राहुरीला १९६८ साली स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाचे ठाणे पडले, तेव्हापासून येथे ‘यशवंत’, ‘जयवंत’ अशा नावांचे गवताचे वाण निघाले, ‘आरएल-८८’ हा लसूणघास निघाला. तेही सगळे कापायचेच, पण दावणीत टाकायला. ज्या गावचे नाव चाऱ्याच्या वाणांमुळे बाहेर गेले, तेथे तीन एकर गवत दर आठवड्याला उकिरड्यावर जात होते.

ते गवत जनावरांना का घालत नाही, असे मी विचारले. त्याचेही उत्तर यंत्रातच आहे. झोडणाऱ्या पात्याखाली गवताचा भुगा होतो. त्याचा ढीग काही तासांत तापतो, आंबतो, आणि असले गवत खाऊन जनावर फुगते. विळ्याने कापलेली लांब पेंढी तशी आंबत नाही. गाडी बंद पडल्यावर श्रावणात काय घडले ते त्याच्या आईने सांगितले. गवत गुडघ्याला लागले तशा मागच्या वस्तीवरच्या तीन बायका विळे घेऊन दारात आल्या. “मालक, गवत वाया चाललंय. आमाला कापू द्या, शेरडांना व्हईल.” गाडी येण्याच्या आधी त्याच बायका तेथे कापायला येत. चार दिवसांत त्यांनी मागची बाजू मोकळी केली, भारे बांधून नेले. मजुरी मागितली नाही. त्यांना गवतच हवे होते. दुष्काळी भागात शेरडू म्हणजे बाईची स्वतःची पेढी. शाळेची वही, दवाखाना, माहेरचे जाणे, सगळे त्या पेढीवर.

तो म्हणाला, “पण गुरुजी, विळ्याने कापलेलं दिसायला वरखाली दिसतं.” त्याचे खरे होते. आणि लॉन्सचा धंदा दिसण्यावरच आहे. त्याला मी तत्त्वज्ञान सांगून त्याचे कर्ज फिटणार नव्हते. म्हणून आम्ही जमिनीचेच दोन भाग केले. व्यासपीठापुढची सव्वा एकर सपाट बाजू वर्षभर कापलेली राहील. तिच्यासाठी आपल्या आपण पुढे सरकणारे, मागून चालत न्यायचे २१ इंची यंत्र; पन्नास गुंठ्यांना तीन तास, गड्याची एक सकाळ. ते हलके आहे, काळी जमीन पिळत नाही, आणि त्याचे पाते, पट्टा, प्लग नगरच्या बाजारात मिळतात की नाही, हे पैसे देण्याच्या आधी त्याने स्वतः दुकानात जाऊन पाहिले. कातरणारे यंत्र आम्ही आधीच बाजूला काढले होते, कारण लग्नाच्या हिरवळीत काय नसते? अक्षतांचे काही वाटत नाही; पण टाचण्या, खिळे, मांडवाच्या खुंट्या! उरलेली पावणेदोन एकर उताराची बाजू ज्येष्ठापासून दसऱ्यापर्यंत वाढू द्यायची, तणनाशक वा औषध न मारता, आणि ती त्या बायकांची. दसऱ्यानंतर, जमीन घट्ट झाली की, तीही यंत्राने आखूड करायची. शेततळ्याकडची शेवटची पट्टी मात्र बाराही महिने विळ्यानेच.

जुनी गाडी भंगारात घालायला मी नको म्हटले नाही, पण तिचे तास मोजणारे घड्याळ आधी पाहायला सांगितले. अशा गाडीचे वय वर्षांत नसते, तासांत असते. पंपाचे तेल कधी बदलले होते, याचा पुण्याहून आणताना कोणी जाब विचारला नव्हता आणि येथेही कोणी बदलले नव्हते. इंजिन अजून धडधाकट आहे. एक फिटर ते पाण्याच्या पंपाला बसवून मागतो आहे. भाव ठरायचा आहे.

नवे यंत्र दसऱ्याला आले. त्याला हळद-कुंकू वाहिले, झेंडूची माळ घातली. आणि आईने पुढ्यात दूर्वांची जुडी ठेवली, ती तेथल्याच हिरवळीतली. तुळशीच्या लग्नानंतरची पहिली तारीख लागली आहे. तेवढ्यात पात्याला धार लावून घ्यायची आहे, आणि मांडववाल्याशी बोलणे झाले आहे की खुंट्या जेवढ्या ठोकील तेवढ्या मोजून परत न्यायच्या.